हात सुधारले, पोट बिघडलं

मोहल्ल्यात एखादी बाई वारली की पहिला निरोप बिल्किस खालाकडे जायचा. मयताला शेवटची आंघोळ घालायचं काम, ज्याला गुसल म्हणतात, ते ती ऐन तरुणपणापासून करत आली होती. सासूने शिकवलं होतं. पाणी किती कोमट हवं, बोरीची पानं कधी टाकायची, कापूर कुठल्या पाण्यात, अंगावरची चादर न सरकवता खालून हात कसा फिरवायचा. नव्याने शिकणाऱ्या बाईला ती एवढंच सांगे, "हात हलका ठेव. तिला कळत न्हाय असं समजू नको."

या कामामुळे तिला मान होता, आणि त्याच कामामुळे बायका तिच्यापासून जरा लांबही असत. लग्नघरात ती शिरली की एखादी नवी नवरी ओढणी सावरून दुसरीकडे बघायची. खालाला त्याची सवय झाली होती. नवरा अय्यूब सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मुदस्सिर कुवेतला. खालच्या मजल्यावर कापडाचे लूम चालायचे, वर ती एकटी राहायची. कुणाचं गुसल असलं की चार बायका भेटत, बोलत. तिचं माणसांत जाणं-येणं ते एवढंच.

पन्नाशी ओलांडली आणि तिचे हात सुजायला लागले. सकाळी नळ उघडेना, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. ठाण्याच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला आणि रोज घ्यायची एक गोळी दिली. दोन-तीन महिन्यांत मुठी वळू लागल्या. ती पुन्हा तांब्या उचलू लागली, पुन्हा बोलावणी घेऊ लागली. त्या गोळीला ती मनापासून दुवा द्यायची.

पोट बिघडलं ते त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने. आधी तिला वाटलं, कुठल्यातरी दावतीचं जेवण बाधलं. मग ते रोजचंच झालं. पाण्यासारखे जुलाब, कधीही, आणि जायचं म्हटलं की थांबायला वेळ नाही. जायफळ उगाळून झालं, डाळिंबाची साल उकळून झाली, दूध सोडलं, चपाती सोडली. नाक्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चार दिवस बरं वाटलं, परत तेच. हातांच्या गोळीचा शक तिला आला नाही. गोळी जुनी, दुखणं नवीन.

त्यातच कामतघरची रुकय्या गेली. दोघी उर्दू शाळेत एका बाकावर बसलेल्या. खाला सकाळपासून काही न खाता, नुसतं पाणी पिऊन गेली. नमाजआधी करतात तसे हात-तोंड-पाय धुऊन मयताला वुजू घातला, डोक्यावरून पाणी ओतलं, उजवी बाजू धुतली. आणि पोटात पीळ पडला.

"अलिजा, हितं हात धर," ती शेजारच्या बाईला म्हणाली आणि बाहेर पडली. अलिजा तिच्याच गल्लीतली, शिवणकाम करणारी, दोन मुलींची आई. खालाने तिला हाताशी धरून हे काम शिकवलं होतं.

रुकय्याच्या चाळीचा संडास टोकाला होता आणि आत कुणीतरी होतं. खाला तिथवर पोचली, पण वेळेवर नाही. बराच वेळ ती तिथेच राहिली, कपडे धुतले, वरून बुरखा घातला. परत आली तेव्हा रुकय्याला कफन घालून झालं होतं. एका बाईने सरकून तिला बसायला जागा करून दिली, पण ती बसली नाही. शेअर रिक्षात दुसऱ्यांना खेटून बसायची तिची हिंमत झाली नाही. ती उन्हातून चालत घरी आली.

त्यानंतर बोलावणं आलं की ती सांगायची, गुडघे धरलेत. मग, बीपी वाढलंय. हळूहळू निरोप अलिजाकडे जाऊ लागले आणि खालाचा फोन वाजायचा थांबला. अलिजा एकदा डब्यात खिचडी घेऊन आली, तर खालाने दार अर्धंच उघडलं, डबा घेतला आणि "आता निजायला चाललेय" म्हणून दार लावलं. घराला वास येतो असं तिला वाटायचं. नमाजला बसलं तरी मध्येच उठावं लागे, वुजू टिकत नसे. यावर दीनमध्ये, म्हणजे धर्मात, सवलत असते हे तिला ठाऊक होतं. पण आपल्याला ती लागू होते का, हे विचारायला तोंडाने सगळं सांगावं लागलं असतं.

मुदस्सिर व्हिडिओवर दिसला की ती फोन अगदी तोंडाजवळ धरायची.

"अम्मी, बारीक झालीस तू."

"तुझा फोन खराब हाय."

ठाण्याच्या फेऱ्याही तिने चुकवल्या. तासाभराचा रस्ता, मध्येच जावं लागलं तर काय करायचं? गोळी मात्र ती मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर आणत राहिली. हात चांगले होते ना.

शेवटी एका सकाळी पाण्याची बादली उचलताना ती जिन्यातच बसली. उठता येईना. लूमवरच्या माणसाने अलिजाला बोलावलं आणि अलिजा तिला रिक्षा करून थेट ठाण्याला घेऊन गेली.

नेहमीचे डॉक्टर नव्हते. त्यांच्या जागी प्राजक्ता नावाची तरुण डॉक्टर बसली होती. तिने बोटं दाबून पाहिली, मनगट फिरवलं. हात उत्तम होते. मग वजनाचा आकडा पाहिला, मागचा पाहिला आणि विचारलं, "मावशी, पोट कसं आहे?"

खालाने अलिजाकडे पाहिलं. "तू जरा भायेर थांब."

अलिजा उठली नाही. "खाला, कामतघरला मी होते," ती हळू म्हणाली. "तुमी येईपर्यंत सगळ्यांना समजलं होतं. कुणालाच त्याचं काय वाटलं न्हाय."

मग खालाने सांगितलं, एकदाच, सगळं.

डॉक्टर म्हणाली, "या गोळीने सुरुवातीला पोट बिघडतं, ते आम्ही बघतो. इतक्या उशिरा आतड्याला सूज येणं क्वचित होतं. पण होतं. आधी दुसरं काही नाही ना, ते बघू."

"त्या गोळीनंच तर हात दिले मला," खाला म्हणाली.

"हो. म्हणूनच कुणाला संशय आला नसेल."

दुर्बीण टाकून तपासणी झाली, आतड्याचा तुकडा तपासला, आणि संशय खरा निघाला. गोळी बंद केली. तिचा अंश अंगात महिनोन्‌महिने राहतो म्हणून तो लवकर बाहेर पडावा यासाठी पाण्यात कालवून घ्यायची पावडर दिली. काही आठवड्यांत जुलाब थांबले. खाला कित्येक महिन्यांनी पोटभर चपाती जेवली.

पण हात परत सुजले. गोळीच्या जागी इंजेक्शन सुरू झालं, त्याने थोडं उतरलं, सगळं नाही. उजवं मनगट आता पूर्ण वळत नाही. भरलेला तांब्या ती उचलू शकत नाही.

थंडीत पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी वारली. मशिदीच्या भोंग्यावरून नाव ऐकलं, आणि खाला बोलावण्याची वाट बघत बसली. ते आलं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तिच्याशिवाय चालवायची लोकांना सवय झाली होती. तिने बुरखा घातला आणि आपणच गेली.

अलिजाने तिला खुर्ची दिली. खाला बसून बघत राहिली. अलिजाने कापूर जरा जास्त घातला, असं तिला वाटलं. अलिजाचा हात मात्र हलका होता. शेवटी केस विंचरायची वेळ आली तेव्हा अलिजा म्हणाली, "खाला, वेण्या तुमी घाला."

मयत बाईच्या केसांच्या तीन वेण्या घालतात. खालाने दोन घातल्या, फार सावकाश. तिसरीला बोटं आखडली. तिने पेड अलिजाच्या हातात दिले.

नमाजसाठी पुरुष जनाजा घेऊन निघाले, बायका घरच्यांभोवती जमल्या. खाला घरी आली. खाली लूम चालू होते. तिने भात गरम केला आणि जेवायला बसली. मग मुदस्सिरला व्हिडिओ फोन लावला, आता फोन तोंडाजवळ न धरता. तो ड्युटीवर होता, त्याने उचलला नाही.