अर्जुनाची साल

हे गेल्यापासून भेटायला येणारे सगळे यांच्या अभ्यासाचंच बोलतात. मी ऐकते, रडते. पण रडतानाही एक दुपार मध्ये येऊन उभी राहते.

लग्न झालं तेव्हा हे गोंदियाच्या शाळेत विज्ञान शिकवत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात यांचं काम चाले. अर्जुनाची साल कुटून स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची, वाफेवर आटवायची. तळाशी चिकट, तपकिरी सत्त्व उरे. ते तुपात मिसळलं तर तूप लवकर खवट होत नाही, हे यांना सिद्ध करायचं होतं. आज अशा द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. तुपाच्या बाटल्यांचा वास घ्यायचं काम माझं. पुस्तकात वाचलेलं काही हाताने करायला मिळत होतं. मी सुखात होते.

बाजारातली साल जुनी असे. माझ्या माहेरी, चिचगडकडे, बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर अर्जुनाचं मोठं झाड होतं. तिथली रीत अशी, की आदल्या संध्याकाळी झाडाशी तांदूळ ठेवायचे, आजारी माणसाचं नाव सांगायचं आणि सकाळी एकाच अंगाची वीतभर साल काढायची. दुखणं जिवावरचं असेल तरच जास्त. आजाराशिवाय कुणी त्या झाडाला हात लावत नसे.

सुटीत हे एकटेच गेले आणि पोतंभर साल घेऊन आले. "काकाजींनी दिली," एवढंच म्हणाले.

काही दिवसांनी दुपारी काका दारात उभे. वडिलांमागे त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते.

"तू तं उभी हायेस वं!" म्हणत ते ओट्यावर बसलेच.

"काऊन, काका?"

"जावईबापूनं तुह्या नावानं तांदूळ ठेवले. छातीचं दुखनं, डाक्टरनं हात टेकले म्हने. तुही काकू तवापासून धड जेवली नाही. म्या बुडापासून सारी साल सोलू देली. वाळंल झाड, वाळू दे."

हे आत स्टोव्हपाशी होते. सगळं ऐकू जात होतं. हे बाहेर येतील, काहीतरी बोलतील, म्हणून मी थांबले. हे आले नाहीत. खरं सांगितलं असतं तर काकांचा जावई गावभर खोटा ठरला असता, आणि मला माहेरी मान वर करता आली नसती.

"बरं वाटतं आता," मी म्हणाले. "औषध लागू पडलं."

काका डोळे पुसत हसले. "मंग सांगावा नाही का धाडाचा? तुह्याआंधी मीच गेलो असतो न वर! आनखी लागली तं सांग. पाळीवर दुसरं झाड हाये."

मी नको म्हणणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"लागेल, काकाजी. अजून पुरतं बरं नाही तिला."

काकांनी मला खाटेवर बसवलं आणि बादलीतले उरलेले कपडे स्वतः वाळत घातले.