दुसऱ्या भागातली शेळी

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडणं. समोर मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यात शेरडांचा कार्टून पिक्चर चालू होता. दुपारची वेळ. ओसरीवर ऊन पायापर्यंत आलं होतं. दाणे तिच्या सुपात, टरफलं माझ्या पुढ्यात. ती शेंगेकडं न बघता फोडायची, डोळे मोबाईलवर. मला ते जमत नव्हतं, म्हणून माझा पिक्चर अर्धा सुटायचा आणि मग मी विचारायचो, "आता ही कोण?"

"कोण काय कोण? तीच की. पहिल्या भागात पुरात वाहून गेलती ती पाठ, ती बारकी शेळी. आता तिला करडू झालंय."

"एवढी मोठी झाली?"

"तुमची लेक न्हाई झाली मोठी?"

मोबाईल लेकीचाच होता, जुना. लेक माजलगावकडं दिलेली. दिवाळीला आली तेव्हा तिनं तो आम्हाला ठेवला आणि आठ वर्षांच्या नातीनं त्यात दोन पिक्चर घालून दिले. "आजी, हा पहिला, हा दुसरा. उलटं बघू नका," असं बजावून गेली. दोन्ही हिंदीत होते, पण आमच्या भागात हिंदी कुणाला अडत नाही, शेरडांची तर नाहीच.

मी चौथी शिकलेला माणूस. कार्टून म्हणजे लेकरांना गप बसवायची वस्तू असं मी समजत होतो. पण पहिला भाग बघितला आणि गप मीच बसलो. डोंगरातला शेळ्यांचा कळप. पूर येतो, एक बारकी पाठ वाहून जाते, सगळा कळप तिला धुंडत फिरतो. मागं लांडगा. आमची लेक तीन वर्षांची असताना उसाच्या फडात अर्धा दिवस सापडत नव्हती. पाचटाखाली, उसाच्या वाळल्या पाल्यात झोपली होती. तो अर्धा दिवस मी कधी कुणाला सांगितला नाही. पिक्चरमधला म्हातारा बोकड काठाकाठानं हाका मारत निघाला तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेलो. ही मागून म्हणाली, "तांब्या हितंच हाय की." तांब्याला मोबाईल टेकवलेला होता हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

म्हणून पहिला भाग तो पहिला भाग, असं माझं ठाम मत. आणि हिचं म्हणणं, दुसरा त्याच्यापेक्षा चांगला हाय. तीन दुपारी आमची हीच हुज्जत चालू होती. पिक्चर एका बैठकीत संपतच नव्हता, कारण मधेच हिला उठावं लागायचं.

त्याचं कारण सांगतो. चार दिवसांपूर्वी आमची काळी शेळी व्याली होती. दोन करडं झाली. मोठं तिनं चाटून घेतलं, बारकं घेतलं नाही. ते आचळाकडं गेलं की ढुशी मारायची. अशा वेळी शेळीला धरून पाजावं लागतं, सकाळ-संध्याकाळ, आठ-दहा दिवस. शेळी करडू तोंडावरून ओळखत नाही, शेपटाखाली वास घेऊन ओळखते. तिचंच दूध त्याच्या पोटातून गेलं की तिचा वास त्याला लागतो, मग ती त्याला आपलं म्हणते. धरलं नाही तर बारकं मरतं. हे धरायचं काम हिचं. मी चारून आणायचो, पाणी दाखवायचो, पण पाजायला बसलो की काळी मला लाथा घालायची. हिनं शेरडांसाठी ठेवलेलं एक जुनं लुगडं होतं. ते कमरेला गुंडाळून गेली की तीच शेळी खांबासारखी उभी राहायची. दिवसातून दोनदा धरायचं असलं तरी ही मधेमधे चार वेळा जाऊन त्याच्या पोटाला हात लावून यायची.

तर मी म्हणालो, "दुसरा भाग म्हणजे खोडवा. लागणीची सर येत न्हाई."

ऊस पहिल्यांदा लावला की ती लागण. तो तोडला की त्याच बुडख्यातून परत फुटतो तो खोडवा. आम्ही दोघं उभ्या आयुष्यात लई ऊस तोडला. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, तसा आमचा एक कोयता होता. खोडव्याचा ऊस बारीक, मोळी बांधायला जीव जातो. म्हणून मला वाटलं, आता ही गप बसेल.

गप बसणारी नव्हती. "पाचट जाळलं, पाणी येळेवर दिलं न्हाई, तर सर कुठून येईल? नीट केलेला खोडवा तुमी तोडलाच न्हाई का? बुडखं छाटून, पाचट रानात ठेवून केलेला? त्यो लागणीच्या बरोबरीनं येतोय. कवा कवा पुढंबी जातोय."

"का म्हणून?"

"मुळ्या आधीच खाली गेलेल्या आसत्यात. उगवायची धडपड करावी लागत न्हाई. नुसतं वाढायचं." तिनं मूठभर दाणे सुपात टाकले. "तसंच हे. पहिल्या भागात ह्यो कोण, ती कोण, ह्यातच अर्धा येळ गेला. दुसऱ्यात समद्यांची वळख झालेली. आता भांडाय मोकळे."

"भांडण बघायला पिक्चर लागतोय व्हय? घरात हाय की."

"मग कावून बघायलाव? फोडा शेंगा."

मी हार मानणारा नव्हतो. नातीनं दिवाळीत आम्हाला एक माकडाचा पिक्चर दाखवला होता, त्याचाही दुसरा भाग होता. त्यात इतकी नवी जनावरं आणली होती की मूळचं माकड कुठं गेलं ते कळेना. नुसती गाणी आणि पळापळी. मी म्हणालो, "त्यो माकडाचा दुसरा? त्यो चांगला हाय?"

"त्यांनी पाचट जाळलं," ती म्हणाली. "घरभर पाहुणे बोलावले अन् घरच्याला उपाशी ठेवलं. मी समद्याच दुसऱ्या भागांचं कुठं म्हणायलीय? ह्या शेरडांचं म्हणायलीय."

हे मला तेव्हाच पटलं होतं, पण मी शेंगा फोडत राहिलो.

तेवढ्यात मोबाईलवर ती मोठी झालेली शेळी आपल्या करडाला शोधत कळपात शिरली. समोर एका रंगाची दहा-बारा करडं. तिनं एकेकाच्या मागं जाऊन शेपटाखाली नाक लावलं, तिसऱ्याला लावलं आणि थांबली. डोळा लवतो तेवढंच चित्र. हिनं सूप माझ्या गुडघ्यावर आपटलं, दाणे उडाले.

"बघितलं का! बघितलं? पहिल्या भागात काय केलतं? गळ्यात लाल दोरा. दोऱ्यावरनं वळखलं लेकरू. शेळीला दोरा कळतोय व्हय? आता बघा, शेपूट हुंगलं. ह्या येळी जाऊन शेरडं बघितल्यात त्यांनी."

"आदी बघायला काय झालतं?"

"भ्या आसतंय ना. लोक येतेत का न्हाई, कुणी बघतंय का न्हाई. म्हणून पूर आणा, लांडगा आणा, पळवा. एकदा लोक आले, भ्या गेलं, मग निवांत शेरडं बघत बसले आसत्याल. निवांत बसल्याबिगर दिसत न्हाई काही." आणि मग खाली बघत, शेंगा गोळा करत म्हणाली, "आपलंच बघा की. कोयता हातात हुता तवर तुमी माझ्याशी कामाचंच बोलला. मोळी उचल, पाणी आण. कोयता सुटला तवापासनं बोलाय लागलात."

मी टरफलं एका जागी लोटली. खरं होतं. पंचवीस वर्षं मी तिला ऊठ आणि चल याशिवाय काय बोललो असेन ते मला आठवत नाही. फडाच्या कडेला कोप्या, पाचटाच्या झोपड्या घातल्या, मोडल्या, दोन लेकरं तिथंच रांगली. गावात कायमचं येऊन शेरडं घेतली तेव्हा मला कळलं की ही बाई हसवते. एवढी वर्षं हसवतच असेल, मी ऐकलं नसेल.

"लई झालं," मी म्हणालो. "आता सांग, शेवटाला काय हुणार? मी सांगतो. त्यो म्हातारा बोकड मरणार. रडवल्याबिगर सोडत न्हाईत हे."

"न्हाई मरायचा."

"मरणारच."

"न्हाई. उगं कशाला मारतील? आता तर कुठं त्येला बोलाय सुचायलंय." ती उठली, गुडघ्यावर हात देऊन. "राहिलेला उद्या बघू. पळून चाललाय व्हय? बारकं वरडायलंय."

तो शेवट मी महिन्यानंतर नातीबरोबर बघितला. बोकड मेला नाही. तो आणि एक म्हातारी शेळी कपारीत बसून कुठलं गवत कडू यावर भांडत होती आणि चित्र हळूहळू लांब लांब गेलं. नात म्हणाली, "आबा, पहिला भारी का दुसरा?" मी म्हणालो, दुसरा. नात म्हणाली, मलाबी. पहिला आला तेव्हा ती चार वर्षांची होती, तिला पूर आवडायचा. दुसरा आला तेव्हा ती शाळेत भांडून यायला लागली होती. पिक्चर तिच्याबरोबर वाढला. पण हे मी हिच्याकडून शिकलेलं आहे, माझं स्वतःचं काही नाही.

शेंगा फोडल्या त्या दिवशी संध्याकाळी तिनं बारक्याला पाजलं, हात धुतले, चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "छातीत कसंतरी व्हायलंय." शेजाऱ्याची जीप काढून गेवराईला नेईपर्यंत संपली होती. डॉक्टरनं हात बघितला आणि मान हलवली. त्याच जीपमधून परत आणली. त्या रात्रीचं याच्यापुढं मला लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पोरगा पुण्याहून आला, लेक आली, मेहुणी उमापूरहून आली. अजून पाहुणे यायचे होते. दहाच्या सुमारास नेऊ असं ठरलं. मी भिंतीला टेकून बसलो होतो. माणसं येत होती, पाया पडत होती, बसत होती. आणि मागच्या छपरीत डालग्याखाली, पालथ्या घातलेल्या टोपल्यात, ते बारकं ओरडत होतं. आधी जोरात ओरडलं. मग थांबून थांबून ओरडायला लागलं. शेरडं पाळणाऱ्याला त्या थांबण्याचा अर्थ कळतो. संध्याकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

मी उठलो. पोरगा म्हणाला, "आबा, कुठं?"

"आलो."

काळीला धरायला गेलो. तिनं माझा वास घेतला आणि पाय झाडला. परत धरली, परत झाडला. बारकं माझ्या पायाशी लटपटत उभं होतं. त्याचं मोठं भावंड पोट फुगवून झोपलेलं. मी लुगड्याच्या खुंटीकडं हात केला तर खुंटी रिकामी.

हिचं लुगडं नव्हतं.

आमच्याकडं माणूस गेलं की त्याच्या अंगावरचं, वापरातलं कापड गाठोड्यात बांधून मसणवट्यात नेतात आणि तिथंच टाकतात. मेहुणीनं पहाटेपासून तेच काम धरलं होतं. ओसरीच्या कोपऱ्यात गाठोडं बांधून तयार होतं. मी सगळ्यांच्या देखत तिथं बसलो आणि गाठ सोडायला लागलो.

"दाजी, काय करायलाव?"

"शेरडाचं लुगडं."

"आवं, माणूस घरात हाय आजून, अन् तुमाला शेरडं सुचायलीत?"

"तिलाच सुचली आसती," मी म्हणालो. "तिनं चार दिवस धरलंय त्येला. आज सोडलं तर ते जातंय."

पोरगा जवळ येऊन हळू म्हणाला, "आबा, राहू द्या ना. नंतर विकूनच टाकू समदी."

"तुला विकायचं तवा वीक. आता बाजूला सर."

लुगडं मधोमध सापडलं. त्याला दुधाचा, लेंड्यांचा, चुलीच्या धुराचा वास होता. मी ते धोतरावरून कमरेला गुंडाळलं, दोन वेढे, जसं ती गुंडाळायची. ओसरीवर कुणीतरी तोंडाला पदर लावला. रडायला का हसायला, मी बघितलं नाही.

छपरीत गेलो. काळीनं नाक लांब केलं. लुगड्याचा काठ हुंगला. माझ्याकडं बघितलं नाही, लुगड्याकडंच बघत राहिली. मी तिचं मागचं तंगडं गुडघ्यात दाबलं, एका हातानं तिला आवळून धरलं आणि दुसऱ्या हातानं बारक्याचं तोंड आचळाला लावलं. पहिल्यांदा त्याला जमेना. मग चोखायला लागलं. शेपूट हलायला लागलं. काळी उभी राहिली.

मेहुणी दारात येऊन उभी होती. आत येऊन तिनं शेळीचा कान धरला, म्हणजे माझा एक हात मोकळा झाला.

त्याचं पोट तटतटीत झाल्यावर मी तंगडं सोडलं. काळी वळली. बारक्याच्या मागं गेली आणि शेपटाखाली नाक लावलं. चाटलं नाही. पण ढुशीही मारली नाही.

मी करडू डालग्याखाली ठेवलं. लुगडं सोडलं, झटकलं आणि परत खुंटीला अडकवलं. मेहुणीनं ते बघितलं, गाठोड्यात घाला असं म्हणाली नाही. मग मी रांजणावर हात धुतले आणि ओसरीवर जाऊन हिच्या उशाला बसलो.