धावपट्टीवरच्या खरुच्या

“मगदूम, तुम्हाला गवत कापायला सांगितलं होतं. पाखरं गोळा करायला न्हवं.”

मॅनेजर जीपमधून न उतरताच बोलले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कळंब्याच्या पुढं एका कारखानदाराची खासगी धावपट्टी होती. तिथलं गवत कापायचा ठेका माझा. पट्टीच्या दोन्ही कडा मी साफ करून दिल्या, आणि आधी जिथं एक ससाणा होता तिथं चार झाले. सोमवारी मालकांचं विमान उतरणार होतं. पक्षी विमानाच्या पंख्यात गेला तर जिवाशी खेळ. तोवर पाखरं हटली नाहीत तर माझा ठेका रद्द.

हा ससाणा म्हणजे खरुची. पारव्याएवढी, पाठ विटकरी. थंडीबरोबर उत्तरेकडून येते, ऊन तापलं की परत जाते. वाऱ्याकडे तोंड करून हवेत एका जागी फडफडत थांबते. खाली उंदीर किंवा नाकतोडा दिसला की झेप.

मॅनेजरांनी फटाके लावले. खरुच्या उडाल्या आणि चहा होईपर्यंत परत आल्या.

माझं डोकं तापलं होतं. भांडण्याआधी मी बांधावर बसून नीट बघितलं. चारही पक्षी कापलेल्या कडांवरच थांबत होते. कुंपणाजवळच्या उभ्या गवतावर एकही नाही. लहानपणी मी बाजारात भाजी विकलीय. माल उघडा मांडला की गिऱ्हाईक थांबतं. गवत कापून उंदीर मीच उघड्यावर मांडले होते.

मी पट्टीकडेच्या पेंढ्या उचलल्या, कारण उंदीर त्यांच्याखालीच लपत होते. मग माणसं लांबच्या उतारावर नेली आणि तिथलं गवत कापायला लावलं.

“विमान हिकडं उतरणार, आणि तुम्ही तिकडं काय भादरताय?”

“जेवण हलवतोय, साहेब. पंगत आपोआप उठंल.”

सोमवारी विमान उतरलं तेव्हा खरुच्या उतारावर होत्या. मालकांनी विचारलं, पाखरं कशी गेली? मॅनेजर म्हणाले, “मी फटाके लावले.” मी शेजारीच उभा होतो.

पुढच्या हंगामात त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. त्यानं कडा चकाचक केल्या. खरुच्या हजर. मॅनेजर शाहूपुरीत माझ्या ऑफिसात आले.

“या पावणं,” मी म्हणालो.

“काम घ्या. रेट तुमचा.”

“रेट जुनाच. पट्टीकडचं गवत गुडघ्याएवढं राहणार. आणि मालकांना फटाक्यांचं खरं सांगायचं.”

“आता ते कशाला उकरताय?”

“मग फटाकेच लावा की.”

त्यांनी माझ्याच टेबलावरून मालकांना फोन केला.

ठेका पुढं बरीच वर्षं माझ्याकडे राहिला. पाखरू हाकलण्याआधी ते कशावर जगतं ते बघावं. मॅनेजर कशावर जगतात, ते मी आधी बघायला हवं होतं.