आतली कडी

"हलू नकोस गं. तेल मुरू दे जरा."

काकू म्हणाल्या आणि त्यांनी मागून माझं डोकं धरलं. मी फिरत्या दवाखान्याच्या गाडीत, नव्या न्हाणीच्या फळीवर बसले होते. न्हाणी गाडीच्या मागच्या टोकाला, आज तिचं उद्घाटन. दार सताड उघडं. समोर अमरावतीतल्या वकिलांच्या बंगल्याचं अंगण, अंगणात सतरंज्या, सतरंज्यांवर माणसं. बायका होत्या, पुरुषही होते. फोटोवाला होता. पाच सवाष्णी तांब्याचे गडवे घेऊन रांगेत उभ्या होत्या. पहिलीनं माझ्या भांगात तेल घातलं, गालांना उटणं लावलं आणि डोक्यावर पाणी ओतलं. नव्या पातळासकट. मग दुसरीनं. मग तिसरीनं. पातळ अंगाला चिकटलं. मी दोन्ही हातांनी पदर छातीशी धरून बसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"हिचं लग्न काही व्हायचं नाही," काकू शेजारच्या बाईला म्हणाल्या. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "निदान हळदीच्या न्हाणाची हौस तरी फिटली पोरीची."

माझी हौस. ही हौस मी कधी, कुणाजवळ बोलले होते?

पाचवीचं पाणी ओतून झालं तशी माझी माय पुढं आली. ती इतका वेळ खाली, गाडीला लावलेल्या उतरत्या फळीजवळ उभी होती. तिनं गडव्यासाठी हात पुढं केला. जन्मल्यापासून मला न्हाऊ घालणारी तीच. काकूंनी तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं.

"तुम्ही नका हो. शुभकार्य आहे. तुम्ही जरा मागे उभ्या राहा."

माय विधवा. कपाळ मोकळं. ती मागं सरली, थेट गाडीच्या चाकाआड गेली. दुसरी एखादी असती तर तिथून ताडकन उठून गेली असती. मला ती सोय नाही; खुर्चीही फोटोत येऊ नये म्हणून खाली नेलेली. मला कुणीतरी उचलून खुर्चीत ठेवेपर्यंत मी तशीच निथळत बसून राहिले. लोक पेढे खात होते.

मी भातकुलीजवळच्या एका खेड्यातली. आमची कुणब्याची घरची शेती. लहानपणी ताप आला, तो उतरला तो माझे पाय घेऊनच. बाप लवकर गेला. मायनं मला पाठुंगळी घेऊन शाळेत नेलं. मॅट्रिक झाले तेव्हा गावात कुणाला पटेना. साठ सालानंतर वकिलांच्या घरच्यांनी खेड्यापाड्यांसाठी फिरता दवाखाना काढला. त्यांना औषधाच्या पुड्या बांधायला, रोग्यांना समजावून द्यायला कुणी हवं होतं. काकू म्हणजे वकिलांची बायको, दवाखान्याचा सगळा कारभार त्यांच्या हातात. त्यांनी मला घेतलं. चाकांची खुर्चीही दिली. दिलेलं त्या विसरत नसत, आणि मलाही विसरू देत नसत.

गाडी म्हणजे लष्करातली जुनी लॉरी. पुढं डॉक्टर आणि औषधं, मध्ये झोपायच्या फळ्या, मागं एक न्हाणी. टपावर पाण्याचा पिंप, त्याला झारीच्या तोंडासारखा फवारा, साखळी ओढली की पाणी. डॉक्टर वापरत, सिस्टर वापरत. माझ्यासाठी ती न्हाणी असून नसल्यासारखी. पाणी बाहेर जाऊ नये म्हणून दारात पत्र्याची उंच पट्टी, ती खुर्चीला ओलांडता येईना. साखळी उभ्या माणसाच्या हाताला लागेल अशी. म्हणून मुक्काम पडला की माय गाडीचं चाक आणि एखादी बाभूळ यांच्यामध्ये लुगडं बांधायची, मला उचलून खाली घ्यायची आणि त्या आडोशाला न्हाऊ घालायची. ती आमच्यासोबत फिरायची ती एवढ्यासाठीच. तिची कंबर कधीच गेली होती, पण बोलायची नाही.

मूर्तिजापूरला छोट्या रेल्वेच्या रुळांच्या कडेला आमची गाडी उभी होती. सकाळची वेळ. वारा सुटला आणि लुगडं उडालं. समोर छोटी गाडी थांबलेली, खिडक्या माणसांनी भरलेल्या. कुणी तोंड फिरवलं. कुणी हसलं. कुणी शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. मायनं गडवा टाकला आणि माझ्यावर ओणवी झाली, अंगानं मला झाकून. ती छोटी गाडी कधी वेळेवर सुटली आहे? त्या दिवशीही नाही सुटली. तोवर आम्ही दोघी तशाच, चिखलात.

त्यानंतर मी आंघोळ टाळायला लागले. पाणीही कमी प्यायचे, म्हणजे उठवायची वेळ कमी येते. मग सिस्टरनं काकूंकडे तक्रार केली की माझ्या अंगाला वास येतो. काकू म्हणाल्या, औषध देणारी स्वच्छ हवी. अशी ती न्हाणी बदलायचं ठरलं. माझ्या लाजेपायी नाही, सिस्टरच्या नाकापायी.

गाडी अकोल्याला, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये नेली. काकू त्यांना बरंच काही सांगून गेल्या. त्या गेल्यावर मिस्त्रींनी मला विचारलं, "ताई, तुमचा हात कुठवर पोचते?" मी हात वर करून दाखवला. असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी दार रुंद केलं, दारातली पट्टी कापली, तळाला आतल्या बाजूनं उतार दिला. खुर्चीच्या उंचीची फळी बसवली, म्हणजे घसरत खुर्चीवरून फळीवर जाता येईल. धरायला भिंतीला नळी. साखळी लांब केली. शेवटी मी म्हटलं, "आतून कडी पायजे. माह्या हाताशी."

त्यांनी कडी बसवली. मी एकटीच आत गेले, दार ओढलं, कडी सरकवली. पाणी सोडलंच नाही. कपड्यांत तशीच बसून राहिले. कुणी मला पाहत नाही, कुणी पाहू शकत नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. बाहेर माय हाका मारत होती. मला इतका आनंद झाला होता की ओ द्यावीशी वाटेना.

गाडी अमरावतीला आली. चार दिवस बंगल्यात उभी होती. मी पाहते तर काकूंनी कडी काढून बाहेरून लावून घेतलेली.

"आत पडलीबिडलीस तर?" काकू म्हणाल्या. "जबाबदारी आमच्यावर आहे." आणि त्याच दिवशी ते पाच गडव्यांचं उद्घाटन. फवारा माझ्या डोक्यावर तसाच टांगलेला होता. तो चालतो का, हेसुद्धा कुणी पाहिलं नाही.

दुपारी माय माझं पातळ पिळत होती.

"माय, तू कावून सरली मांगं?"

"जाऊ दे वं. पाणी तं पाणीच हाय, कोनीबी टाको."

"तुले वाईट नाही वाटलं?"

पातळ पिळून झालं होतं, तरी ती पिळत राहिली. माझ्या अंगाची लाही झाली. मला भिजवलं ते मी कदाचित गिळलं असतं. तिला चाकाआड उभं केलं ते गिळवेना.

मग गाडी मेळघाटात गेली. सेमाडोहला थंडी मी म्हणत होती. माय नदीवर धुणं घेऊन गेलेली. माझी आंघोळ झाली, लुगडं नुसतं गुंडाळलं, दार ढकललं. उघडेना. वाऱ्यानं दार आपटतं म्हणून सिस्टरनं बाहेरून कडी घातली होती आणि रोग्यांकडे निघून गेली होती. मी दार वाजवलं. हाका मारल्या. पिंपातलं पाणी वरून ठिबकत होतं. बऱ्याच वेळानं ड्रायव्हरनं कडी काढली. त्यानं मला पाहिलं, मान वळवली आणि ओरडून म्हणाला, "सिस्टर, तुमचं पार्सल आतच रायलं ना."

सगळे हसले. सिस्टरही हसली. माझे दात थंडीनं वाजत होते आणि डोकं तापलं होतं. पार्सल. उचलायचं, ठेवायचं, बंद करायचं, उघडायचं. त्या ड्रायव्हरवर माझा राग नव्हता. त्याच्या तोंडून फक्त निघालं. सगळे मला तेच समजून होते, आणि काकूंनी तर त्यावर हळद लावली होती.

परतीच्या वाटेवर अकोल्याला मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी काकू येणार, अकोल्याच्या महिला मंडळापुढं पुन्हा तोच सोहळा होणार. गाडी मिस्त्रींच्याच शेडमध्ये उभी होती.

"मिस्त्री, कडी आतून लावा."

"काकूनं बाहेरून लावाले सांगतली होती, ताई."

"आंगधुनं काकूचं हाय का माहं?"

त्यांनी स्क्रू पिळायचा पेचकस फळीवर ठेवला. मग म्हणाले, "मले पुढचं काम त्यायच्याकडूनच भेटते. मी नाही लावत. पेचकस इथं ठेवून चहाले जातो."

त्यांनी कडी काढली नाही, मला अडवलंही नाही. कडी मीच काढली, मीच आतून लावली. हात सवयीचा नव्हता, दोन स्क्रू तिरपे गेले. कडी वाकडी बसली. पण बसली.

सकाळी काकू मोटारीतून आल्या. बरोबर बायका, परातीत तेल-उटणं, गडवे. फोटोवाला इथंही होता. मी खुर्ची उतरत्या फळीवरून वर घेतली आणि मायला म्हटलं, "चाल." ती घाबरून माझ्या मागं आत आली. मी दार ओढलं आणि कडी घातली.

"अगं, दार काय लावलंस? उघड. सगळ्या खोळंबल्यात."

"आंगधुनं चालू हाय."

"हा काय प्रकार आहे? मिस्त्रीला मी बजावून सांगितलं होतं. उघड आधी."

मी मायला फळी दाखवली. "बस."

"मी कायले? बाई बोलून राहिली बाहीर."

"बोलू दे. तू बस."

आयुष्यभर पहाटेच्या अंधारात, गोठ्याच्या मागं, एक डोळा वाटेवर ठेवून अंग धुणारी बाई. ती फळीवर बसली. मी साखळी ओढली. तिच्या पांढऱ्या केसांवर पाणी पडायला लागलं. बाहेरून काकू दारावर थापा मारत होत्या. मायनं दोन्ही हातांनी नळी घट्ट धरली होती.

"दार पक्कं लागलं हाय नं?" तिनं विचारलं.

"लागलं हाय."

तिनं डोळे मिटले. मी पिंप रिकामा होईपर्यंत साखळी सोडली नाही.

मी मांडीवर आणलेलं कोरडं लुगडं मायनं नेसल्यावर मी कडी काढली. काकूंचा चेहरा लालबुंद झाला होता. बायका परात घेऊन तशाच उभ्या. कुणाकडे पाहावं हे त्यांना कळत नव्हतं.

"माह्या मायचं न्हाणं झालं," मी म्हटलं. "झालं तुमचं उद्घाटन."

"उद्यापासून कामावर येऊ नकोस," काकू म्हणाल्या. "इतकं केलं तुझ्यासाठी, आणि त्याचे हे पांग फेडलेस."

मी खुर्ची औषधांच्या कपाटापाशी नेली आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावला. शेडच्या फाटकात रोगी यायला लागले होते.

"मले काढाचं असन तं उचलून काढा. पण आता मले न इचारता कोनी हात लावाचा नाही."

कुणी पुढं आलं नाही. ड्रायव्हरही नाही. मी पहिल्या बाईला हाक मारली आणि काय होतंय ते विचारलं. नोकरी राहील की जाईल, मला ठाऊक नव्हतं. भीतीही वाटत होती, का वाटू नये? पण एक गोष्ट त्या सकाळी माझ्यापुरती कायमची ठरली. ज्या दाराची कडी माझ्या बाजूनं नाही, त्या दारात पाऊल टाकायला पाय तर मला नाहीतच. मी चाकही टाकणार नाही.