मोरी कुणी हलवली

मी केडगावचा एक लहान ठेकेदार. बहात्तरच्या दुष्काळात कोल्हारच्या अलीकडे, एका कच्च्या रस्त्यावर ओढ्याचं पाणी काढून द्यायला दगडी मोरी बांधायचं काम मला मिळालं. नकाशातल्या जागी पाया खणला तर कितीही खाली गेलो तरी काळी मातीच. साहेब, म्हणजे त्या कामावरचे इंजिनिअर, पाहायला आले. तीसेक फूट पलीकडे जाऊन त्यांनी काठी टेकवली आणि म्हणाले, "इथं मुरूम लागेल. इथं घ्या." मुरूम लागला. मोरी तिथं झाली आणि चांगली भक्कम झाली.

हुकूम मी लिहून घेतला नाही. आमच्या धंद्यात साहेबांकडे लेखी मागणं म्हणजे लग्नात व्याह्याकडे आहेराची पावती मागण्यासारखं होतं. सगळे ठेकेदार तोंडी शब्दावर चालायचे आणि कधी ना कधी गोत्यात यायचे. माझी पाळी लवकर आली.

वरचे अधिकारी दौऱ्यावर आले. त्यांनी नकाशा उघडला, तर मोरी भलतीकडेच. कुणी हलवली? आमच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "ठेकेदारानं परस्पर." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसं ठरलं असतं तर मोरी मलाच पाडावी लागली असती आणि माझं नाव काळ्या यादीत गेलं असतं. तेहतिसाव्या वर्षी माझा धंदा संपला असता.

करारनामा घरी पेटीच्या तळाशी होता. सगळा इंग्रजीत, प्रत्येक पानावर माझी सही, आणि वाचलेलं एकही पान नाही. डिक्शनरी घेऊन बसलो. चार दिवसांनी एक कलम सापडलं. ठेकेदाराला मोजमापाच्या वहीतली नोंद मान्य नसेल, तर त्यानं हरकत तिथल्या तिथे, त्याच वहीत लिहायची. मागाहून ऐकली जाणार नाही. त्या वहीच्या पानांवर छापील आकडे असतात. पान फाडता येत नाही, आणि खोडलं तर खोडणाऱ्याला सही करावी लागते. बिल त्या वहीवरूनच निघायचं, म्हणून आम्ही सगळे तिला घाबरत होतो, आणि तिच्यात आपणही लिहू शकतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. याचा राग मला आजही आहे.

मोजमापाच्या दिवशी साहेबांनी टेप धरून मोरी मोजली, वही जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि आकड्यांखाली लिहिलं : ठेकेदाराने स्वतःच्या मर्जीने जागा बदलली.

"करा सही," ते म्हणाले.

मी पेन घेतलं आणि सहीऐवजी लिहायला लागलो. वरील नोंद अमान्य, जागा साहेबांनी स्वतः काठी टेकवून दाखवली.

"हे काय चाललंय?"

"हरकत नोंदवतोय. करारात आहे तसं."

"साक्षीदार कोण तुमचा?"

माझा गवंडी दुसरीकडे बघायला लागला. त्याला मी दोष देत नाही, त्याची निम्मी कामं त्याच कचेरीची असायची. पाट्या वाहणाऱ्या बायकांतली एक मात्र पुढे आली. पाथर्डीकडची होती. दरवर्षी ऊसतोडीला जायची, यंदा ऊसच वाळला म्हणून माझ्या कामावर आली होती.

"म्या हुते तिथं," ती म्हणाली. "सायबानं काठी टेकवली, म्या पाटी खाली ठिवून आयकलं. इथं घ्या म्हनले."

"बाई, तुला पुढं काम पाहिजे ना?" साहेबांनी विचारलं.

"कामावर मला मालक घेत्यात. तुमी फकस्त जागा दावता."

हजेरीसाठी लागणारं शाईचं पॅड माझ्या पिशवीत होतं. मी तिचं म्हणणं लिहिलं, तिला वाचून दाखवलं, तिनं अंगठा उठवला आणि पदराला पुसला. मग मी सही केली. साहेबांची सही राहिली होती. त्यांनी पानावरचा छापील आकडा पाहिला. शेवटी त्यांनी ती केली, तिच्या अंगठ्याखाली, कारण पानावर तेवढीच जागा उरली होती.

मोरी पाडायचा हुकूम कधीच आला नाही. पाडायची तर ते पान वर पाठवावं लागलं असतं. त्या कचेरीनं मला पुन्हा काम दिलं नाही, आणि मी मागायलाही गेलो नाही. मी विहिरींची बांधकामं धरली, आणि पहिल्या विहिरीच्या पहिल्या दिवसापासून ती बाई माझ्या कामावर होती.