न सापडलेल्या पुस्तकांची यादी

बाई या ग्रंथालयात आल्या त्या फक्त तीन महिन्यांसाठी. आधीच्या ग्रंथपाल बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत, बाई परत गेल्या नाहीत, आणि बघता बघता एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं ऐकिवात नाही. वाचक बाई म्हणत, शिपाईमामा बाई म्हणत, आणि घरी नवराही चेष्टेने बाईच म्हणायला लागला होता.

दारातून आत शिरलं की समोर त्यांचा काउंटर. तिथे उभं राहून लोक काय काय मागत, ते ऐकण्यासारखं होतं. एक आजोबा दर दोन महिन्यांनी येऊन म्हणत, ते द्या हो, ज्यात बोट बुडते पण कुत्रा वाचतो. कपडे शिवणाऱ्या एका वहिनींना रडवणारंच पुस्तक लागे, पण शेवटी सगळं नीट झालेलं हवं. बाई क्षणभर छताकडे बघत, आणि मग सरळ त्या कपाटाशी जाऊन उभ्या राहत. पुस्तकाचं नाव लक्षात ठेवणं हे वाचकाचं कामच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यासाठी आपण आहोत की.

मग संस्थेने ग्रंथालय डिजिटल करायचं ठरवलं. जुनी पुस्तकं पानापानाने स्कॅन करायची, सगळ्या पुस्तकांची माहिती संगणकात भरायची, आणि दाराजवळ एक मोठा पडदा लावायचा, म्हणजे वाचक आपलं आपण शोधतील. या कामासाठी एक इंजिनियर मुलगी आली, बाईंच्या लेकीच्या वयाची. बाई संगणकाला बिचकतील असं सगळ्यांना वाटलं होतं. बाई कसल्या बिचकतायत. पहिल्या आठवड्यात त्या दोन बोटांनी टाइप करत होत्या, महिन्याभरात सहा बोटांनी, आणि सात महिन्यांत त्यांनी अकरा हजार पुस्तकांची माहिती एकटीने भरून टाकली.

घोटाळा झाला तो तिथेच. नाव, लेखक, वर्ष, पानं हे रकाने बाईंनी चोख भरले. पाचवा रकाना होता ‘विषय’. ग्रंथपालाने तिथे इतिहास, प्रवास, आरोग्य असं ठरलेलं काहीतरी लिहायचं असतं. बाईंनी विचार केला, शोधणार वाचक, मग वाचक बोलतो तसंच लिहायला हवं. त्यांनी लिहिलं, ‘बोट बुडते, कुत्रा वाचतो.’ लिहिलं, ‘दोन भावांचं भांडण, घर विकलं जातं.’ लिहिलं, ‘पहिली चाळीस पानं सोसावीत, पुढे झकास’, आणि ‘आजारी माणसाला देऊ नये.’ असं अकरा हजार वेळा.

हे उघडकीला आलं कार्यकारिणीच्या बैठकीत. संस्थेचे चिटणीस मोठे शिस्तीचे गृहस्थ. कामाची पाहणी म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर पडद्यावर पहिलं पुस्तक काढलं ते स्वतःचंच, त्यांनी लिहिलेला संस्थेचा सहाशे पानी इतिहास. विषयाच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘झोप लागत नसेल तर उत्तम.’

बैठकीत कुणी हसलं नाही, पण तीन जणांना एकदम खोकला आला. चिटणीसांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं. तो रकाना पुसायचा, ठरलेले विषय भरायचे, आणि महिनाभर पडदा चालवून बघायचा. महिन्याने काउंटर काढून टाकायचा. पडदा असताना काउंटर हवा कशाला, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी मागच्या खोलीत बसून फाटक्या पुस्तकांना डिंक लावावा, निवृत्तीला दोनच वर्षं तर राहिलीत.

बाईंनी घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. नवऱ्याने आयुष्यभर बस चालवली होती आणि आता घर चालवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मागच्या खोलीत पंखा तरी आहे का. बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. डिंकाचा त्यांना कंटाळा नव्हता. पण माणसं समोरून येणार नाहीत, काही मागणार नाहीत, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. तीन महिन्यांसाठी आलेली बाई एकतीस वर्षं राहिली होती ती त्या माणसांपायीच.

चाचणीचा महिना सुरू झाला. बाईंना ताकीद होती, कुणी काही विचारलं तर पडद्याकडे बोट दाखवायचं. आजोबांनी एका बोटाने ‘बोट बुडते’ एवढं टाइप करायला पाच मिनिटं घेतली. पडदा म्हणाला, काही सापडलं नाही. आजोबांनी त्याला चार शब्द सुनावले. बाई वर्तमानपत्राआडून खाकरल्या आणि हळूच म्हणाल्या, कपाट सात. वहिनींनी तर टाइप करायच्या भानगडीत न पडता माइकचं चित्र दाबून मागणी बोलून दाखवली. पडद्याकडून तेच उत्तर आलं.

चौथा आठवडा सरता सरता इंजिनियर मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन काउंटरशी आली. पडद्याने ज्यांना ‘सापडलं नाही’ म्हटलं, त्या सगळ्यांचं मागणं तो वेळेसकट लिहून ठेवत होता. सहाशे त्रेचाळीस ओळी होत्या. त्यातच तिने एक गंमत केली होती. बाईंचा पुसलेला रकाना तिने जपून ठेवला होता, आणि ही यादी त्याच्याशी ताडून बघितली होती.

“चारशे दहा सापडली असती, बाई,” ती म्हणाली. “तुमचं लिहिलेलं असतं तर.”

बाईंना वाटलं, आपण जिंकलो. दुपारी रिकाम्या वेळेत त्या यादी वाचायला बसल्या. पहिल्या दोन पानांवर ओळखीचीच मागणी होती, त्यांना हसू येत होतं. मग पुढे दुसऱ्याच ओळी लागल्या. ‘नवरा गेल्यावर दिवस कसा काढायचा.’ ‘मुलगी फोन उचलत नाही.’ ‘पन्नाशीत नोकरी गेली तर.’ ‘बायको बोलेनाशी झाली आहे.’ बाईंचं हसू मावळलं. हीच माणसं रोज त्यांच्यासमोर उभी राहून रहस्यकथा मागत होती. लोक आपल्याला सगळं सांगतात, असं त्या एकतीस वर्षं समजून चालल्या होत्या. सगळं कोण सांगतं. काउंटरपलीकडे बाई असते, ती बघते, तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड दाखवावं लागतं. पडद्याची कुणाला लाज वाटत नव्हती. ज्या पडद्यावर त्या महिनाभर डूख धरून होत्या, त्याचं हे मोल त्यांना कबूल करावं लागलं, आणि त्यांनी ते मोठ्या मनाने केलं.

शेवटच्या पानावर एक ओळ आठ वेळा आली होती. आठही वेळा बोलून विचारलेली, आणि आठही वेळा सकाळी आठ वाजून दहा मिनिटांच्या आसपास. ‘मोठ्या माणसाला अक्षरं शिकायचं पुस्तक.’

ग्रंथालय उघडतं नऊला. आठला आत असतात ते एकटे शिपाईमामा, झाडलोट करायला. बावीस वर्षं मामा पुस्तकं कपाटात लावत होते, पाठीवरच्या आकड्यांवरून, एकही न चुकता. वर्तमानपत्रातल्या प्रत्येक बातमीवर त्यांचं मत असे, पण पेपर मात्र ते दुसऱ्याकडून वाचून घेत, चष्मा घरी राहिला म्हणत. बाईंनी त्यांना चष्मा घातलेलं कधीच पाहिलं नव्हतं. बावीस वर्षं एका छताखाली काढली आणि हे आपल्या ध्यानात येऊ नये, म्हणून बाईंनी स्वतःला भरपूर बोल लावले.

बैठक दुसऱ्या दिवशी होती. चिटणीसांना साक्षरतेवर भाषणं करायची भारी हौस. ती एक ओळ त्यांच्यापुढे ठेवली असती, तर ते विरघळलेच असते आणि काउंटर तिथल्या तिथे वाचला असता. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मुलीला सांगून त्या आठही ओळी यादीतून काढायला लावल्या. मग विचार करून वेळेचा रकानाही काढून टाकायला लावला.

बैठकीत चिटणीस यादी मनातल्या मनात वाचू लागले. दोन पानं भराभर उलटली. तिसऱ्या पानावर ते थबकले, आणि त्यांचे कान लालबुंद झाले.

“यात वेळ दिसत नाही,” ते म्हणाले. “कुणी केव्हा विचारलं, याची नोंद असेल ना?”

“होती. मी काढून टाकली,” बाई म्हणाल्या. “वाचकाचं वाचकापाशी राहू द्यावं, साहेब.”

चिटणीस पेलाभर पाणी एका दमात प्यायले. त्यानंतर बैठक दहा मिनिटांत आटोपली. बाईंचा रकाना ठरलेल्या विषयांच्या शेजारी परत यायचा होता. काउंटर राहणार होता. न सापडलेल्यांची यादी रोज बाईंकडे यायची आणि त्यांनी त्यातल्या मागण्यांसाठी पुस्तकं हुडकायची, हे त्यांचं नवं काम ठरलं. चिटणीसांची अट एकच होती, आणि ती बाईंनी लगेच पुरी केली. त्यांच्या इतिहासापुढे आता ‘सावकाश वाचण्यासारखं’ असं लिहिलेलं आहे. तिसऱ्या पानावरची कोणती ओळ त्यांची, याचा मुलीने अंदाज बांधायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली की तिने विषयच बदलला.

नव्या कामातली पहिली मागणी कुणाची, हे सांगायला नको. मुलीने पडद्याला उत्तर बोलून सांगायची सोय करून दिली. बाईंनी मोठ्यांसाठीची अक्षरओळखीची पुस्तकं मिळवली आणि रकान्यात लिहिलं, ‘पिवळ्या पाठीचं, दारापासून दुसरं कपाट, सगळ्यात खालचा खण.’ एरवी पावणेनऊलाच हजर असणाऱ्या बाई दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम सव्वानऊला येऊ लागल्या. नवऱ्याने विचारलं, बाई, तब्येत बरी आहे ना.

तिसऱ्या दिवशी त्या खणात एका पुस्तकाची जागा रिकामी होती. देवघेवीची नोंद अजून वहीतच होत असे, आणि वहीत या पुस्तकाचं नावनिशाण नव्हतं. एरवी बाईंनी सगळं ग्रंथालय डोक्यावर घेतलं असतं. या वेळी त्यांनी खण नीट लावला आणि आपल्या जागेवर येऊन बसल्या. आठवडा गेला, दोन गेले. मामा नेहमीसारखेच बातम्यांवर मतं देत हिंडत होते. पेपर मात्र आता थोडा थोडा वेळ स्वतःच हातात धरून उभे राहत. बाई दुसरीकडे बघत.

पाच आठवड्यांनी, भर दुपारी, मामांनी ते पिवळं पुस्तक आणून काउंटरवर ठेवलं. वाचनाच्या टेबलाशी चारसहा वाचक होते, मागे दोघे रांगेत होते.

“हे माझ्या नावावर मांडा, बाई,” मामा म्हणाले. “महिनाभर न सांगता नेलं होतं. मला वाचता येत नव्हतं.”

टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. मामांनी मुखपृष्ठावर बोट ठेवून नाव वाचून दाखवलं. एका जोडाक्षरावर अडखळले, परत मागे गेले आणि पार झाले. मग विचारलं, याचा दुसरा भाग असतो का.

असतो, असं बाईंनी मानेनेच सांगितलं. वही त्यांनी मामांच्या दिशेने फिरवली आणि पेन पुढे केलं. मामांनी हात शर्टाला पुसला आणि ओळीच्या अगदी टोकापासून नाव लिहायला घेतलं. ते एका ओळीत मावेना, खालच्या ओळीत उतरलं. रांगेतल्या माणसाने घड्याळाकडे बघितलं.

“जरा थांबा,” बाई त्याला म्हणाल्या. “मामा लिहितायत.”