वाळूच्या दांड्यामागचं पाणी

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची गोष्ट. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. घटस्थापनेआधी दसरा काढायचा, म्हणजे घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची, म्हणून सासूबाई आणि मी वाकळा घेऊन मुरुमजवळच्या तलावावर गेलो. दीर गाडीनं सोडून माघारी गेले.

तिथं ओढा तलावात वाळू आणून टाकायचा. पावसाळी वारा लाटांबरोबर ती काठाकाठानं सरकवत नेई. काठ आत वळला होता, पण वाळू न वळता सरळ पुढं गेली होती. पाण्यात शंभरेक पावलं लांब दांडा तयार झाला होता. त्याच्या बाहेरच्या अंगाला लाटा आपटत. आतलं पाणी मात्र निवांत, कडेनं लव्हाळा, पाणकणसं, बगळे. मला लाटांची भीती, म्हणून आतच धुऊ या असं मीच म्हणाले. लाटा जड वाळू बाहेर टाकतात आणि हलका गाळ आतल्या संथ पाण्यात बसतो, हे मला नंतर कळलं.

निम्म्या वाकळा पिळून झाल्या होत्या. एक हातातून निसटली, सासूबाई तिच्यामागं गेल्या. दुसऱ्या पावलाला गुडघा, तिसऱ्याला कंबर.

"आत्या, हात द्या!"

"पुढं येऊ नगंस! तू बी फसशील!"

मी बोंब मारली. हाकेच्या टप्प्यात कुणी नव्हतं. त्या पाय उपसायला गेल्या की आणखी खाली जात. गाळ छातीकडं आला. पिळलेल्या वाकळा उचलून मी गाळावर अंथरू लागले.

"अगं ए, धुतलेल्या हायत त्या! दसऱ्याच्या वाकळा चिखलात घालतीस व्हय?"

"गप आडव्या व्हा तुम्ही!"

सासूला असं कधी बोलले नव्हते. त्यांनी खरंच वाकळेवर छाती टेकली. मी पालथी पडून त्यांचे दंड धरले. ओढलं की माझ्याखालची वाकळ खचायची, गार पाणी पोटाला लागायचं. आता दोघी जातो, असं दोनदा वाटलं. मग त्यांचा एक पाय सुटला. बऱ्याच वेळानं दुसरा.

वाळूवर दम खाऊन त्यांनी चिखलानं बरबटलेल्या वाकळांकडं पाहिलं.

"चल, बाहेरच्या अंगाला. लाटा असू दे."

तिथं पायाखाली टणक वाळू होती. वाकळेचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मला दिलं. लाटेत गाळ सुटला, तशी आम्ही दोघींनी ती पिळली.